बचत गटातल्या बायकांचं एचबी कमी निघालंय, बीट-डाळिंब सोडून परवडणारं काय आहे?

रानवारा७
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी नगर जिल्ह्यातल्या अकोले-संगमनेर पट्ट्यात बचत गटांचं काम बघते. हिशेब, बँकेची कर्जं, मीटिंगा, भांडणं. मध्यंतरी गटांतल्या बायकांची रक्ततपासणी झाली तर बहुतेकींचं एचबी (हिमोग्लोबिन) ११ च्या खाली, काहींचं ८ च्या आसपास. आणि ह्या काही झोपून असलेल्या बायका नव्हेत, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कांदा काढायला हजर. चक्कर येते का विचारलं तर "येती की, पण ऊन किती हाय" असं उत्तर.

तपासणीनंतर भाषण झालं, ते तुम्हाला पाठच असेल. बाई म्हणजे कुटुंबाच्या आरोग्याचा कणा, ती ठणठणीत तर घर ठणठणीत. मग एक रंगीत तक्ता वाटला, त्यात पालक, बीट, डाळिंब, सफरचंद, खजूर, बदाम. डाळिंब आमच्याच भागात पिकतं बरं का, पण ते मार्केटला जातं, घरात राहतं ते तडकलेलं आणि तेही पोरांसाठी. बायकांनी तक्ते घडी करून पिशवीत टाकले, एकीने त्याच्यावरच भेळ घेऊन खाल्ली.

मला खटकलं ते हे की तक्ता द्यायचा बाईच्याच हातात. मग त्यातलं जे परवडेल ते ती आणणार, निवडणार, शिजवणार आणि नवऱ्याला, पोरांना, सासऱ्याला वाढणार, उरलं तर तिला. म्हणजे रक्त तिचं कमी आणि त्यावरचं वाढीव कामही तिलाच. नवरे लोक बाहेर पारावर बसले होते सगळे, त्यातल्या एकालाही कुणी आत बोलावलं नाही.

तर मला तीन गोष्टी हव्यात. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात परवडेल असं काय खावं. लाल गोळ्या देतात त्या निम्म्या बायका खात नाहीत, त्याचं काय करावं. आणि घरातल्या बाकीच्यांना ह्यात कसं ओढावं. ज्ञान नको, अनुभव सांगा. थोडं ज्ञान चालेल.

मापात_पाप
चांगला विषय. बिटाचा निकाल आधी लावून टाकतो कारण ते डोक्यात बसलंय. बीट लाल, रक्त लाल, म्हणून बिटाने रक्त वाढतं, एवढाच त्यामागचा विचार. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिग्रॅ पण भरत नाही. बाईची रोजची शिफारस आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या यादीप्रमाणे २९ मिग्रॅ आहे, पुरुषाची १९. काढा हिशेब किती किलो बीट लागेल. डाळिंब-सफरचंदाचीही तीच गत, फळ म्हणून उत्तम, लोहासाठी नाही.

उलट तुमच्या भागात जे रोजचं आहे ते बघा. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात ६ मिग्रॅच्या वर लोह असतं. हुलगे ८ च्या पुढे. राजगिऱ्याचे दाणे ८ च्या आसपास. मटकी, हरभरे, तीळ, अळीव सगळे बरे. म्हणजे शेंगोळे आणि माडगं खाणारी माणसं तक्त्यातल्या बदामाकडे बघत बसलीत.

पण एक गोम आहे. वनस्पतीतलं लोह अंगी लागतं फार कमी, जेमतेम ५ ते १० टक्के. ते वाढवायचं तर त्याच जेवणात लिंबू, आवळा, पेरू असं काहीतरी क जीवनसत्त्वाचं हवं. आणि जेवणाला लागून चहा नको. चहातले घटक लोह धरून ठेवतात. आपल्याकडे बायका काय करतात तर सकाळी चहा-चपाती, दुपारी शेतात भाकरी आणि वर लगेच चहा. निम्मं तिथेच जातं.

नाना_वाईकर
आमच्या आईच्या काळी असलं एचबी-फेचबी काही नव्हतं, गूळ-शेंगदाणे खायच्या आणि दहा-दहा पायली दळण जात्यावर दळायच्या. लोखंडी कढईत भाजी, लोखंडी तव्यावर भाकरी. आताच्या नॉनस्टिकने वाटोळं केलं.

मापात_पाप
नाना, लोखंडी कढईचं तुमचं एकदम बरोबर, विशेषतः आंबट काही शिजवलं, म्हणजे टोमॅटो, चिंच, ताकातली पालेभाजी, तर कढईचं लोह चांगलंच उतरतं. शेंगदाण्यालाही सलाम. गुळाचं मात्र जरा जास्तच कौतुक होतं. १०० ग्रॅममध्ये ४-५ मिग्रॅ असेल, पण खडा खातो आपण १० ग्रॅमचा. आणि त्या काळी एचबी मोजत नव्हते म्हणून कमी नव्हतं असं थोडंच आहे? बाळंतपणात किती बायका जायच्या ते घरोघरच्या जुन्या माणसांना विचारा.

नाना_वाईकर
खरं आहे. आमची मोठी काकू तशीच गेली. पांढरी फटक पडली होती म्हणायचे.

स्टेथो_आणि_पोळपाट
मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, रोज हेच बघते म्हणून जरा लांब लिहिते.

पहिली गोष्ट, आकडे. गरोदर नसलेल्या बाईचं एचबी १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. गरोदर असेल तर ११ च्या खाली. ८ च्या खाली गेलं की गंभीर, गरोदरपणात ७ च्या खाली. तुम्ही म्हणता त्या ८ वाल्या बायकांना आहाराचा सल्ला देऊन घरी पाठवणं मला पटत नाही. आहाराने एचबी टिकतं, पण इतकं खाली गेलेलं नुसत्या आहाराने वर यायला फार वेळ लागतो आणि तोपर्यंत पाळी दर महिन्याला येतच असते. साधा हिशेब आहे, १ मिली रक्तात साधारण अर्धा मिग्रॅ लोह. नेहमीच्या पाळीत ३०-४० मिली जातं. जिची पाळी अंगावरून जाते तिचं ८० च्या वर. ती कितीही मेथी खाऊ दे, जमेपेक्षा खर्च जास्त.

म्हणून आधी विचारायचं पाळीबद्दल. किती दिवस, गाठी पडतात का, तांबी बसवली आहे का. तांबीने काहींना जास्त जातं. गर्भाशयात गाठी आहेत का. मूळव्याध आहे का, हे तर बायका सांगतच नाहीत. जंत आहेत का, अनवाणी शेतात काम असतं. पाळी बंद झालेल्या बाईचं एचबी कमी असेल तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का ते बघायलाच हवं, तिथे "वय झालं" म्हणून सोडू नका.

गोळ्या. सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. बायका सोडतात कारण मळमळ, पोट घट्ट होतं, शी काळी होते आणि कुणी आधी सांगितलेलं नसतं, मग घाबरतात. काळी होणं नॉर्मल आहे, एवढं एक वाक्य गोळी देताना बोललं तरी फरक पडतो. फारच त्रास असेल तर आम्ही एक दिवसाआड देतो, तशी घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह उलट जास्त शोषलं जातं असं दिसून आलंय. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र गिळायची नाही, दोन तासांचं अंतर. गरोदरपणात दोन्ही मिळतात आणि बायका उरकून टाकायचं म्हणून एका घोटात घेतात. आणि एचबी नॉर्मल झालं की थांबायचं नाही, साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात. इथेच सगळ्या घसरतात.

रंकाळ्याची_पोर
डॉक्टरताई लई भारी लिवलंय. पण रानवाराताईंनी विचारलेलं तिसरं कुणी बोलंना.

आमच्यात पंधरा माणसांचं घर, मी धाकटी सून. पहिली पंगत पुरुष माणसं आणि पोरं, दुसरी सासूबाई आणि आत्याबाई, तिसरी आम्ही जावा. कुणी वाईट नव्हतं हो, कुणी म्हणत नव्हतं तू खाऊ नको. पण तिसऱ्या पंगतीला आमटीचं नुसतं पाणी राहतं, डाळ आधीच वर गेलेली असती. रविवारी मटण, त्यात कलेजी पोरांना, नळी दादांना, आम्हाला रस्सा आणि तोही "झकास झालाय" म्हणून. भाकरी मात्र पोटभर. पोट भरलेलं असायचं म्हणून कळायचंच नाही काय कमी पडतंय ते.

माझ्या मोठ्या जावेला दिवस गेले तेव्हा एचबी साडेसात निघालं. सासूबाई घाबरल्या आणि त्यांनीच नियम केला, भांडं चुलीवरनं उतरलं की पहिलं तिचं ताट वाढून फडताळात झाकून ठेवायचं, मग पंगत. बाळंतपण झाल्यावर पण तेच चालू राहिलं, मग हळूहळू सगळ्या सुनांची ताटं आधी निघायला लागली. जेवायला आम्ही अजून शेवटीच बसतो, पण ताटात डाळ असती. एवढ्याला पैसा लागत नाही बघा.

भटकी_मैना
हे आवडलं!! जेवायची वेळ बदलायला भांडण करावं लागतं, ताट आधी काढायला नाही.

सडेतोड
सगळे पुरुषांवर घसरताहेत म्हणून लिहितो. आमच्या घरी कुणी कुणाला अडवत नाही, फ्रीज भरलेला असतो, तरी बायकोचं एचबी साडेनऊ. सांगून थकलो की खा, फळं आणतो ती सडतात. सकाळी डबे करायच्या गडबडीत चहावर निघते, ऑफिसात बिस्किटं, रात्री वजन वाढेल म्हणून अर्धी पोळी. ह्यात कुटुंबाचा काय दोष? बायकांनीच स्वतःकडे बघायला शिकलं पाहिजे.

भटकी_मैना
डबे तीच करते ना? किती डबे? तुमचा धरून?

सडेतोड
तीन. मुद्दा तो नाही.

रंकाळ्याची_पोर
मुद्दा त्योच हाय भाऊ 😀

स्टेथो_आणि_पोळपाट
सडेतोड, टीका म्हणून नाही, पण फळं आणण्यापेक्षा सकाळची पंधरा मिनिटं द्या तिला, बसून खायची. आणि साडेनऊ नुसत्या चहा-बिस्किटाने होत नाही बहुतेक वेळा, पाळीचं विचारलंत का तिला? थायरॉईड बघितलं का? सीबीसीबरोबर (रक्तपेशींची तपासणी) फेरिटिन करून घ्या, लोहाचा साठा किती उरलाय ते कळेल.

हुमण_शीत
गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे रोज नुस्तें, म्हणजे मासे, त्यामुळे आम्हाला वाटायचं आपल्याला काही होत नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यात पण शंभरातल्या ३९ बायकांना रक्तक्षय. महाराष्ट्रात तर ५४. नुस्तें रोज असलं तरी तुकडा कुणाच्या ताटात जातो आणि हुमणाचा रस कुणाच्या, हे वर रंकाळ्यांनी सांगितलंच.

मापात_पाप
महाराष्ट्राचा आकडा ५४.२, आणि त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात ४८ होता, म्हणजे वाढलाय. त्याच सर्वेक्षणात राज्यातले पुरुष जवळपास २२ टक्के. आता ह्या आकड्यांवर वाद आहे, कारण तिथे बोट टोचून थेंब घेतात, शिरेतलं रक्त नाही, त्यामुळे एचबी कमी दिसू शकतं असं बरेच जण म्हणतात. मान्य. पण बोट बायकांचंही टोचलं आणि पुरुषांचंही, मग दोघांतला हा एवढा फरक बोट टोचण्याने आला असं म्हणता येणार नाही.

पेठेतला_पाहुणा
पुण्याजवळच्या सहा गावांतला अभ्यास माहीत आहे का कुणाला? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केला. शेतात राबणाऱ्या बायका, गरोदरपणात काय खातात ते नोंदवलं आणि पुढे त्यांच्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहिले. मुलं सरासरी २.७ किलोची, दिसायला किरकोळ, पण अंगात स्नायू कमी आणि चरबी त्यामानाने टिकून. मोठेपणी मधुमेहाची तयारी पोटातच सुरू होते ती अशी.

त्यात एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. बाळाच्या वाढीचा संबंध एकूण किती कॅलरी खाल्ल्या ह्यापेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं त्याच्याशी जास्त दिसला. म्हणजे भाकरीचा ढीग असून उपयोग नाही. आणि दुसरं बी१२. ज्यांचं बी१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड) जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त. ते पुढे मधुमेहाकडे नेतं. आपण सगळे शाकाहार-शाकाहार करतो पण बी१२ वनस्पतीत नसतंच, दूध, दही, अंडी, मासे, मटण एवढ्यातच. आणि घरात दूध अर्धा लिटर येत असेल तर ते चहात आणि पोराच्या ग्लासात संपतं.

स्टेथो_आणि_पोळपाट
छान सांगितलंत, फक्त एक जोडते नाहीतर उद्या कुणीतरी फॉलिक बंद करून बसेल. गरोदरपणात फॉलिक ॲसिड हवंच, बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी. त्याच्या जोडीला बी१२ बघा एवढाच अर्थ घ्या. बी१२ कमी असलेल्यांच्या सीबीसीत पेशी आकाराने मोठ्या दिसतात, लोह कमी असलेल्यांच्या लहान. दोन्ही कमी असेल तर मधलंच काहीतरी दिसतं आणि रिपोर्ट फसवतो.

जर्सीची_सई
इथे न्यू जर्सीत आम्ही सगळ्या सुशिक्षित, फार्मर्स मार्केटवाल्या, तरी ग्रुपमधल्या निम्म्या जणींचं बी१२ नाहीतर फेरिटिन तळाला. पैशाचा प्रश्न नाही हे मान्य. शाकाहार, कॉफी, आणि सोमवार-चतुर्थी-गुरुवार सगळे उपास इथे येऊनही चालू. मला उपासाबद्दल विचारायचंच होतं, कुणी बोलेल का?

भटकी_मैना
उपासाचं नाव काढलंत, आता धागा पेटणार 😂

नाना_वाईकर
उपासाला नावं ठेवू नका. पोटाला आराम मिळतो.

मापात_पाप
नाना, नावं उपासाला नाही, साबुदाण्याला. साबुदाण्यात पिठूळ स्टार्च सोडून काही नाही, प्रथिनं जवळजवळ शून्य, लोह नगण्य. खिचडीत जे काय आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. आता बघा, संकष्टी, दोन एकादशा, चार सोमवार किंवा गुरुवार, महिन्यातले सात-आठ दिवस साबुदाणा आणि बटाटा. त्यात नवरात्र आलं की सलग. उपास करा ना, राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि दाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याचा लाडू, एखादा पेरू. सगळं उपासाला चालतं आणि रोजच्या जेवणापेक्षा बरं पडेल. फक्त गरोदर, अंगावर पाजणारी किंवा एचबी ८-९ असलेली बाई असेल तर निर्जळी हरतालिका वगैरे अजिबात नको, देवाला चालतं.

रंकाळ्याची_पोर
देवाला चालतंय हो, शेजारणीला चालत नाही.

मोहफूल
गडचिरोलीहून लिहून राहिलो. तुमचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कुणीच नाही बोललं. आमच्याइकडे एचबी कमी म्हणजे दरवेळी लोह कमी असंच नसते. सिकलसेल आहे इथं, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, नंदुरबारकडे पण आहे. अशा पेशंटच्या लाल पेशी लवकर तुटते, त्यातलं लोह अंगातच राहते. न तपासता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चारत राहिलं तर फायदा नाही, नुकसानच. सिकलसेलची पहिली तपासणी साधी आहे, प्राथमिक केंद्रात होते, त्याच्यात पॉझिटिव्ह आलं की पुढची पक्की टेस्ट. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेलचं अभियान पण सुरू आहे, कार्ड देते. लग्नाच्या आधी पोरापोरीनं कार्ड पाहून घ्यावं, दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाले हा आजार व्हायचा चारात एक धोका.

स्टेथो_आणि_पोळपाट
हे सांगितलंत ते फार बरं झालं. थॅलेसेमिया मायनर ह्या आनुवंशिक दोषाचंही तसंच, पेशी लहान, एचबी १०-११, लोहाची गोळी घेऊन काही हलत नाही, बाई वर्षानुवर्षं "गोळ्या खात नसशील" म्हणून बोलणी खाते. महिना-दीड महिना नीट गोळ्या खाऊन एचबी एक अंशानेही हललं नाही तर पुढच्या तपासण्या करायच्या, बाईला खोटं पाडायचं नाही. रानवारा, अकोले तालुक्यात आदिवासी वस्ती बरीच आहे, तुमच्या यादीतल्या हट्टी एचबीवाल्या बायकांची सिकलसेल तपासणी झालीय का बघा.

नोंदवहीवाली
मी अंगणवाडी सुपरवायझर, आदिवासी प्रकल्पात. इतकी चर्चा बघून राहवलं नाही.

अंगणवाडीतून गरोदर बाईला घरी न्यायला पाकिटं मिळतात, टीएचआर. ती पाकिटं घरी गेली की सगळ्या घराची होतात, कधी तर शेळीची पण. बाईने एकटीने बसून शिरा करून खावा असं कुठलं घर आहे? म्हणूनच २०१५ ला राज्य सरकारने अमृत आहार योजना काढली, अब्दुल कलामांच्या नावाची, आदिवासी भागात. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे काही महिने, बाईने अंगणवाडीत यायचं आणि तिथेच गरम जेवायचं. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, लाडू, अंडं किंवा केळं. तिथेच बसून खायचं ह्यातच सगळं आलं.

योजनेत भानगडी नाहीत असं नाही. पैसे उशिरा येतात, ताईंना उधारीवर किराणा आणावा लागतो, पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून नऊ महिन्यांची बाई येणार कशी? आणि शेतीच्या हंगामात ती मजुरीला गेलेली असते, मग डबा घरी पाठवा म्हणतात, की परत तेच. पण जिथे नीट चालते तिथे बायका एकत्र बसतात, हसतात, एकमेकींना गोळी घेतली का विचारतात. घरात सून जेवायला बसली की कुणीतरी हाक मारतंच, इथे कोण मारणार.

पेठेतला_पाहुणा
ह्याच्याशी जुळणारं मुंबईतलं उदाहरण आहे. मुंबईच्या वस्त्यांमधल्या बायकांना दिवस राहायच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला, त्यात पालेभाज्या, फळं, दूध. तोही केंद्रात येऊन समोर खायचा. ज्यांना हा खाऊ मिळाला त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह कमी दिसला. बाळाच्या वजनाचा फायदा मात्र सरसकट नाही दिसला, ज्यांनी दिवस राहायच्या तीन महिने तरी आधीपासून खाल्लं त्यांच्यात दिसला. आपल्याकडे सूनबाईचं कौतुक सुरू होतं चौथ्या महिन्यात.

रानवारा७
बाप रे, इतके प्रतिसाद! मीटिंगात होते, आत्ता सगळं एकदम वाचलं.

ताट आधी काढायची कल्पना मी परवाच्या मीटिंगला मांडणार आहे, पण सासवांना बोलावून. सुनांना सांगून काय उपयोग. आणि ह्या वेळी पारावरचे पण आत. नोंदवहीवाली ताईंचं वाचून अजून एक सुचलं, आमचा गट शुक्रवारी जमतो, हप्ते गोळा करतो, तेव्हा चहा-बिस्किट असतं. गटाच्या पैशातूनच चहाच्या जागी काहीतरी खायला आणि तिथेच साप्ताहिक गोळी, असं करता येईल का? रोजची नाही, ज्यांचं एचबी बरं आहे त्यांच्यासाठीची आठवड्याची. कमी असलेल्यांना डॉक्टरकडेच पाठवतेय. खर्च फार नको, आणि आधी करून ठेवता येईल असं काय?

रंकाळ्याची_पोर
हुलग्याचे शेंगोळे करा की तुमच्यातले. वर लिंबू पिळायचं.

हुमण_शीत
सुकट चालते का तुमच्याकडे? अकोल्याच्या बाजारात मिळत असणार. सुकटीची चटणी भाकरीबरोबर, प्रथिनं पण, बी१२ पण, कॅल्शियम पण. टिकते पण महिनाभर. खारवलेली असते म्हणून बीपीवाल्यांना जपून.

रानवारा७
सुकट निम्म्या गटाला चालते, माळकरी बायकांना नाही. त्यांच्यासाठी वेगळं.

भटकी_मैना
मोड आलेली मटकी, कांदा, कोथिंबीर, लिंबू. भिजवून मोड आणल्यावर लोह अंगी लागायला सोपं जातं ना? शिवाय शिजवायचं काम नाही, आणि निवडा-टिपायचं काम आलटून पालटून द्या, दरवेळी गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या गळ्यात नको.

मापात_पाप
हो, मोड आणल्याने, आंबवल्याने लोह अडकवून ठेवणारे घटक कमी होतात. मटकी एकदम योग्य. जोडीला पेरूचा सीझन असेल तर पेरू, एका पेरूत लिंबापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व. थंडीत तीळ-शेंगदाण्याची चिक्की.

सडेतोड
पाळीचं विचारलं. आठ दिवस जाते म्हणे, दोन वर्षं झाली. मला माहीतच नव्हतं. शनिवारी अपॉइंटमेंट घेतलीय. डबे आता मी भरतोय, भाजी तीच करते.

भटकी_मैना
भाजीचं पण होईल 😉

मोहफूल
रानवाराताई, साप्ताहिक गोळी गटात वाटाची असली तर आशाताईला किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला सोबत घ्या, आपल्या मनानं नका वाटू. सिकलसेलवाल्या बायका गटात असल्या तर सिस्टरले माहीत राहते. जंताची गोळी पण सिस्टरच देते, तिच्याजवळ असतेच.

रानवारा७
हो, सिस्टरशी बोलले आजच, यायला तयार आहेत. त्यांनी विचारलंय की बायका शुक्रवारी चार वाजता येतात, दुपारचं जेवण एक-दीडला शेतातच झालेलं असतं, मग गोळी मटकीच्या आधी द्यायची की नंतर? काही बायका म्हणतात रिकाम्या पोटी घेतली की ढवळतं.

स्टेथो_आणि_पोळपाट
रिकाम्या पोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण ढवळून गोळी सोडून देण्यापेक्षा खाऊन घेतलेली कधीही बरी. आधी लिंबू पिळलेली मटकी, त्यावर गोळी आणि पाणी. आणि चहा बंदच करायचा नसेल, जो की तुम्हाला जमणार नाही असं मला वाटतं, तर हप्ते, सह्या, ठराव सगळं उरकू द्या, तासाभराने निघताना चहा.